व्हर्नची वर्गणी

विज्ञानकथेची किती भाकिते खरी ठरली, याची मोजदाद करण्याचा अनेकांना छंद असतो. ज्यूल व्हर्न हा त्या छंदाचा हुकमी एक्का. १८६५ सालच्या कादंबरीत त्याने तीन माणसे फ्लोरिडातून चंद्राकडे धाडली, आणि डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ यानातून तीन माणसे फ्लोरिडातूनच चंद्राकडे गेली. भा. रा. भागवतांच्या मराठीतून व्हर्न वाचलेल्या आम्हांला या योगायोगाचे केवढे अप्रूप! तथापि ज्या नऊशे फुटी तोफेतून त्याने ती माणसे उडवली, तिच्या पहिल्याच धक्क्याने त्यांचा चेंदामेंदा झाला असता.

व्हर्नचे खरे द्रष्टेपण आम्हांला दिसते ते तोफेत नव्हे, वर्गणीच्या यादीत. मोहिमेला पैसा कोठून येणार, हा प्रश्न त्याने टाळला नाही. देशोदेशींच्या देणग्या त्याने आकड्यांनिशी मांडल्या. इंग्लंडने छदामही दिला नाही, हेही मिस्कीलपणे नोंदवले.

पुढे ही यादी हरवली. १९६८ साली आलेल्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या क्युब्रिक-क्लार्क यांच्या चित्रपटात चंद्रावर तळ आहे, गुरूकडे निघालेल्या यानात फिरते चक्र कृत्रिम गुरुत्व निर्माण करते आहे, खर्च कोणाचा, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रत्यक्षात १९७० सालीच अपोलोच्या तीन नियोजित मोहिमा रद्द झाल्या. विज्ञान थकले नव्हते. चंद्राची शर्यत जिंकून झाली होती आणि पैशाचा ओघ आटला होता. उड्डाणासाठी घडवलेल्या सॅटर्न अग्निबाणाचे भाग आज ह्यूस्टनच्या प्रदर्शनात आडवे पडून आहेत. खरे २००१ साल उजाडले तेव्हा माणूस जेमतेम चारशे किलोमीटर उंचीवरच्या स्थानकात होता. तेथे चक्र नव्हते. हाडे झिजू नयेत म्हणून रोज दोनेक तास व्यायाम करणे, एवढाच उपाय होता.

आपल्या गगनयानाचेही पाहा. २०१८ साली मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज सुमारे १०,००० कोटी रुपयांचा होता आणि माणूस पाठवण्याचे उद्दिष्ट २०२२ चे. ते वर्ष उलटून गेले. २०२४ साली, भावी अंतराळस्थानकाचा पहिला भाग धरून, तरतूद २०,१९३ कोटींवर गेली.

यात लाजण्यासारखे काही नाही. पण ही वर्गणी तुमच्याआमच्या खिशातली आहे, हे ध्यानात असावे. स्वप्न फुकट मिळते असे कथांनी मनावर ठसवले, की प्रत्येक विलंब फसवणूक वाटतो आणि प्रत्येक खर्च चैन. मग 'गरीब देशाला हे हवे कशाला' या रास्त प्रश्नाला आपल्याकडे केवळ टाळ्या उरतात, उत्तर उरत नाही. म्हणून आम्हांला अशी एखादी मराठी विज्ञानकथा वाचावयाची आहे, जिचा नायक यानात नव्हे, तर अर्थसंकल्पाच्या चर्चेत बसला आहे, आणि त्याने मत कोणत्या बाजूने द्यावे हे वाचकालाही शेवटपर्यंत ठरवता येत नाही.