उतरलेला टायर

या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. कविता झाली नाही. त्याऐवजी टायरचं सांगतो. २०२४ च्या मार्चमधली गोष्ट आहे.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात कामाला आहे. वय सव्वीस. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काय शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातल्या बाकावर. माझा दादा गाडी चालवतो. जुनी डिझायर, पिवळ्या पाटीची, फायनान्सवर घेतलेली. हप्ता अर्धा माझ्या पगारातनं जातो, अर्धा त्याच्या भाड्यातनं. आमच्या वस्तीतली ही पहिलीच चारचाकी. त्यामुळं गाडी आमची असली तरी थोडीफार सगळ्या वस्तीची.

वस्तीतल्या चार म्हाताऱ्या, त्यात आमची आई, महाडला न्यायच्या ठरल्या होत्या. २० मार्चला. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते या बायांनी जन्मभर गाण्यात गायलं. तळं मात्र डोळ्यांनी बघितलं नव्हतं. दादानं शब्द दिला होता, भाडं नको, फक्त तेलाचं द्या.

१६ तारखेच्या रात्री उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना दादाचं डावं मागचं चाक डांबराच्या कडेवरनं खाली गेलं. टायरच्या बगलेला चार बोटं चीर पडली. तो स्टेपनी टाकून घरी आला. स्टेपनी म्हणजे गुळगुळीत, नक्षी शोधून सापडायची नाही.

सकाळी मी रातपाळी करून आलो आणि त्या चिरेत बोट घातलं. आत दोरा लागला. रोज हजारो चात्यांचा दोरा मी बघतो, तुटला की जोडतो. टायर म्हणजे निव्वळ रबर, असा माझा समज होता. तो आतनं सुताचा निघाला. पिळाचा पॉलिएस्टरचा दोरा शेजारी शेजारी बसवून रबरात गच्च केलेला, आणि वर नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे. हवेचा जोर आणि गाडीचं ओझं हा दोरा पेलतो. रबर वरनं दिसतं, दोरा कुणाला दिसत नाही. दिसला तेव्हा टायर संपलेला असतो. तळव्याला खिळा लागला तर पंक्चर निघतं. बगलेचा दोरा तुटला की त्याला औषध नाही.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी तेच सांगितलं. "बेटा, ये गया." मी म्हटलं, आतनं काही लावता येईल का? ते म्हणाले, लावणारे लावतात. जुन्या टायरचा तुकडा आतनं चिकटवतात, ट्यूब घालतात, शे-दोनशे घेतात. "मैं नहीं लगाऊंगा." त्यांचे दोनशे बुडत होते, तरी नाही म्हणाले.

दादाला पटेना. "तुकडा लावू आणि जाऊ. बायकांना सांगून बसलोय. आता न्हाई म्हटलं तर तोंड दाखवायला जागा उरंल का?"

मी म्हटलं, "आंबेनळी घाट उतरायचाय. २०१८ ला बस दरीत गेली तो घाट."

"तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव. माझा शब्द हाय."

शब्दापायी भांडण झालं. मला चाळीसगावची आठवण झाली. तुम्ही वाचलं असेल. १९२९ ला बाबासाहेब चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार होईनात. अस्पृश्याचा टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं. साहेबांना पायी न्यायचं आपल्या माणसांनाही बरं वाटेना. मग तोड निघाली: टांगा भाड्यानं द्यायचा, हाकायचा आपल्यातल्याच एकानं. त्याला हाकता येत नव्हतं. नदीच्या पुलावर चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत. पुढं त्यांनीच हे लिहून ठेवलं, की आपल्या लोकांनी माझा मान राखायला माझा जीव धोक्यात घातला.

हे मी दादाला सांगितलं. तो काही बोलला नाही. बिडी विझवली आणि म्हणाला, "किती पैसं हायत?"

दोघांचे मिळून सव्वीसशे निघाले.

नव्या टायराच्या दुकानात काचेच्या दाराआड गेलो. साडेचार हजार म्हणाला. वर म्हणाला, जोडी बदला, एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला बरा नाही. तो खोटं बोलत नव्हता. पण नऊ हजार म्हणजे आमचे दोन महिन्यांचे हप्ते. आम्ही काच लोटून बाहेर आलो.

मग जुन्या टायरांची दुकानं. चाचांनी निघताना चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्या तुम्हालाही सांगतो, कुणाच्या तरी कामाला येतील. टायरच्या बगलेवर आकडे असतात. आमचा १६५/८० आर १४. १६५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ८० टक्के बगलेची उंची, आत १४ इंची रिम. दुसऱ्या मापाचा 'बसतोय की' म्हणून गळ्यात मारतात, घ्यायचा नाही. पुढं ८५ असतं, ते ओझं: एका टायरला ५१५ किलो. त्यापेक्षा कमी आकडा नको. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

पहिल्या दुकानात टायर काळाभोर, चकचकीत. बाराशे. "दोनच वर्षांचा हाय, राजा." मी रुमालानं पॉलिश पुसलं. १११६. म्हणजे २०१६ चा मार्च. आठ वर्षांचा म्हातारा, तोंडाला काळं लावून नवरदेव केलेला. खाचाही नंतर कोरलेल्या. आत हात फिरवला तर दोन ठिगळं लागली. मी आकडे वाचून दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, "घ्यायचा तर घ्या, शाळा नगा काढू."

चौथ्या दुकानात मापाचा टायर मिळाला. ३५२३. २०२३ च्या ऑगस्टअखेरचा. नक्षी भरलेली, मधल्या बारीक रबरी केसांसकट. कुणीतरी नवी गाडी घेतली, कंपनीचे टायर त्याला बारीक वाटले, रुंद टायर आणि चकचकीत रिमा घातल्या आणि हे उतरवून टाकले. चोवीसशे म्हणाला. बावीसशेला दिला. बिल मागितलं, तेही दिलं.

खुशीत घरी यायला पाहिजे होतं. पण वाटेत माझं डोकं फिरलं. त्याला नको म्हणून उतरवलेलं, ते आपण घेतलं. आजा वाड्यावरचे उतरलेले सदरे घालायचा. आजी सणाला टोपली घेऊन उष्टं मागायला दारोदार जायची. आणि महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, मेलेल्याचं मांस सोडा, उष्टं सोडा. त्याच महाडला आम्ही उतरलेल्या टायरवर जायचं?

आईला हे बोललो. ती टायरवर हात फिरवत होती.

"किती दिलं?"

"बावीसशे."

"भाव केलास?"

"केला."

"पारखून घेतलास?"

"व्हय."

"मग उष्टं कसं? आमाला पारखाय देत न्हवते. टोपलीत पडंल ते घ्यायचं आन् वर पाया पडायचं."

मी गप्प बसलो. मी पाच वर्षं वाचतोय, आईला सही येते तेवढीच.

चाचांनी टायर मागं बसवला. चिरलेला काढून टाकला आणि गुळगुळीत, आमच्याकडून वचन घेऊन, पुन्हा स्टेपनीला ठेवला. मला २० तारखेला रजा मिळाली नाही. बदली माणूस नव्हता. मी साच्यावर होतो तेव्हा ते घाट उतरत होते. दुपारी दादाचा फोन आला, पोचलो. मागनं चार बायांचा आवाज येत होता.

आपल्या चळवळीतही तुकडा लावून घाट उतरायला निघालेले पुष्कळ आहेत. शब्द दिलाय, म्हणून निघायचं. काळं पॉलिश मारलेल्या पुढाऱ्यांचं साल कुणी वाचत नाही. मागच्या सीटवर मात्र म्हाताऱ्या बसलेल्या असतात. एवढंच मला म्हणायचंय.

चिरलेला टायर आता आमच्या घराच्या पत्र्यावर ठेवलाय. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडत नाही.

जयभीम.