जिन्याचं वळण

परिपाठ संपला की मैदानावरून निघालेली रांग जिन्यापर्यंत सुतासारखी सरळ येते आणि वळणावर तुटते. एकोणतीस वर्षं मी हे बघतोय. सगळ्यात आधी तुटते ती पाचवीची रांग.

यंदा १६ जूनला शाळा उघडली तेव्हा माझ्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत माइकशिवाय पोचणारा आवाज, यावर मी आयुष्यभर मिरवलो. पहिल्या आठवड्याचा सगळा कार्यक्रम त्याच आवाजावर उभा होता. स्वागत, एकवीस नियम, गणवेश तपासणी, रांगेचा सराव, सगळं माझ्याच तोंडून. मधल्या फळीतले शिक्षक नुसते उभे असायचे आणि मला ते आवडायचं.

यंदा परिपाठ नव्या बाईंकडे गेला. मी वळणावर जाऊन उभा राहिलो. आजवर त्या वळणाला खालूनच दम दिला होता.

दोन-दोनच्या रांगेत वळताना आतल्या मुलाला एक पाऊल पुरतं, बाहेरच्याला चार लागतात. बाहेरचा मागे पडतो, मग धावतो, त्याचं दप्तर मागच्याला लागतं, मागचा थांबतो. 'दाहिने घूम'ला आतल्याने पाऊल आखडायचं आणि बाहेरच्याने लांब टाकायचं, हे मी एनसीसीच्या पोरांना घोटून घोटून शिकवलं. पाचवीच्या पोरांना मात्र त्याच चुकीसाठी बेशिस्त ठरवून उन्हात उभं केलं. त्यांतली निम्मी वाड्या-वस्त्यांवरच्या बैठ्या शाळांतून आलेली. रोज जिना चढायची त्यांना सवयच नव्हती, भिंतीला हात लावत चढत होती.

स्टाफरूममध्ये नेहमीची तक्रार असते: २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, तेव्हापासून मुलं हाताबाहेर गेली. मीही हे तावातावाने बोललोय. अंगठे धरायला लावलेल्या पोरांचे चेहरे आता आठवतात. आजूबाजूच्या शाळांचा प्रवेशोत्सव पाहूनही माझा जीव तुटतो. फुग्यांची कमान, गुलाबाची फुलं, पाहुण्यांची भाषणं, फोटो. फुलाला माझी ना नाही. पण नवी मुलगी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला लाजते आणि दिवसभर पाणी पीत नाही. तिला आधी तिथवर कुणीतरी न्यायला हवं.

साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयात ते मुलांची अंथरुणं आवरायचे, कंदील पुसून ठेवायचे, एक शब्द न बोलता. ही हकिकत मी दर जूनमध्ये परिपाठात सांगत आलो. तसं काही स्वतः करून पाहावं, असं मात्र एकदाही मनात आलं नाही.

यंदा शाळा सुटल्यावर रिकाम्या जिन्यावर सराव घेतला. पाचवीतल्या प्रत्येकाबरोबर आठवीतला एक जण. आतल्याने वळणावर मनात तीन आकडे मोजायचे, तोवर बाहेरचा येतो. जाता जाता नळ, स्वच्छतागृह आणि ऑफिसही दाखवून झालं.

दुसऱ्या सोमवारी मी कार्यालयात हजेरीपटावर बसलो होतो. डोक्यावरून पावलं गेली, एका लयीत, न थांबता. वळणावर कोणी शिक्षक नव्हता. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी पोटात काहीतरी खचलं. घरी गेल्यावर बायकोलाही सांगितलं नाही.

गुरुवारी जोराचा पाऊस झाला, जिना ओला झाला आणि रांग पुन्हा तुटली. क्षणभर मला बरं वाटलं. त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही. मी गोणपाट आणून पायऱ्या पुसल्या. आठवीतली दोन मुलं न सांगता दुसरं टोक धरायला आली.

आता डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आहे, ओरडायला नाही. "सर, सोमवारपासून परिपाठ तुम्ही घेणार ना?" बाईंनी काल विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.