गोणपाटाचं ऋण

पॉवर हाउसच्या कोपऱ्यात, टेलिफोनच्या तिन्ही अंगांना नानांनी तागाच्या रिकाम्या गोण्या चौपदरी करून ठोकल्या होत्या. नंदुरबार जिल्ह्यातला एक साखर कारखाना, गाळप ऐन भरात, टर्बाइनची कानात घुसणारी शिट्टी आणि वर पत्र्याचं छत. शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं कळायचं नाही. पण त्या गोण्यांत डोकं खुपसलं की फोनवरचा केमिस्ट स्वच्छ ऐकू यायचा. नाना टर्बाइन अटेंडंट, शाळा सातवीपर्यंत. मी नवा ट्रेनी इंजिनिअर. ध्वनिशास्त्राचा पहिला धडा मला त्या गोण्यांनी दिला.

हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने 1895 पासून रात्री-अपरात्री खुर्च्यांवरच्या गाद्या वाहून आणत व्याख्यानगृहाचा घुमारा मोजला, हे मी पुढे वाचलं. सूत्र सोपं आहे : घनफळाला 0.161 ने गुणा, शोषणाने भागा. 20,000 घनमीटरचा हॉल आणि शोषण 600 चौरस मीटर असेल, तर आवाज 60 डेसिबल उतरायला 5.4 सेकंद लागतात. छिद्रांच्या पत्र्यामागे 1,500 चौरस मीटर रॉकवूल बसवा, शोषणांक 0.8 धरा, काळ 1.8 सेकंदांवर येतो.

हा हिशेब मी ऐटीत नानांपुढे ठेवला. त्यांनी बेअरिंगवर लोखंडी सळई टेकवली, दुसरं टोक माझ्या कानाला लावलं. ‘‘भाऊ, आयकी ले पहिले,’’ म्हणाले, ‘‘मी इथं उभा असतो. वर छताला काही लावलं तर मला काय?’’

बरोबर होतं त्यांचं. यंत्राशेजारी थेट आवाजच कान व्यापतो, छतावरून परतणारा नाही. शोषण दुप्पट केलं तर लांबचा गोंगाट जेमतेम 3 डेसिबल उतरतो. अटेंडंटच्या कानाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्याच्यासाठी टर्बाइनवर झाकण हवं, नाहीतर ध्वनिरोधक केबिन.

भूमिगत वीजगृहांतही प्रश्न हाच येतो. सरदार सरोवराचं 200 मेगावॅटच्या 6 संचांचं भूमिगत वीजगृह केवडियाला आहे. डोंगर पोखरून केलेल्या अशा दालनांत काँक्रीट जवळजवळ सगळा आवाज परत फेकतं. एका दांडग्या भोंग्यातून दिलेली धोक्याची सूचना तिथे स्वतःच्याच घुमाऱ्यात बुडते. माणसांजवळ लावलेले बरेच लहान स्पीकर कामी येतात. आज सल्लागार म्हणूनही नकाशा उघडण्याआधी मी विचारतो : शिफ्टचा माणूस उभा कुठे राहतो? हा प्रश्न नानांचा. फी मात्र मी घेतो.

नानांना आता फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही, गोण्या लावूनही नाही. गोंगाटाने आलेलं बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं होतं. तुमच्या कारखान्यात अटेंडंटचे कान शेवटचे कधी तपासले, एकदा विचारून पाहा.