पाण्यावर तरंगणारा तांदूळ



आज सकाळी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यातून काढलं. मृगाच्या आधी आमचं हे काम ठरलेलं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतून हाताने ढवळायचं आणि थोडा वेळ थांबायचं. पळींज आणि अर्धवट भरलेले दाणे वर येतात, टच्च भरलेले तळाला बसतात. वरचे काढून टाकायचे. खालचे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. साध्या पाण्यात नुसतं पळींज वर येतं, अर्धवट भरलेला दाणा बुडतो. मिठाने पाणी जड होतं, म्हणून तोही सापडतो.

हे काम मी वीस वर्षं करतोय. तरीसुद्धा तांदूळ पाण्यावर तरंगला म्हणून मी एकदा घाबरलो आणि दुसऱ्यांनाही घाबरवलं. तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. चूक माझी होती म्हणून इतके दिवस लिहिली नाही. पण रेशनच्या तांदळाबद्दल लोक अजून विचारतात, म्हणून आज लिहून टाकतो.

आमचं गाव पनवेलपासून माथेरानच्या डोंगराकडे, गाढी नदीच्या वरच्या अंगाला. लावणीला वरच्या ठाकूरवाडीतल्या बाया येतात. त्या दिवशी दुपारी बांधावर जेवायला बसलो होतो. त्यांच्यातल्या एका म्हातारीने पदराची गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ माझ्यापुढे धरला.

"भाऊ, रेशनच्या तांदलात पलास्टिक येतंय म्हंतात. बग जरा, तू शिकलेला."

बघितलं तर खरंच, मधेमधे काही दाणे वेगळे. जरा पिवळट, काचेसारखे नाहीत, सगळे एका मापाचे. मी पाण्याचा तांब्या घेतला, त्यात मूठ सोडली. तेच दाणे वर आले. सगळे नाही, पण बरेच. भाताचा गोळा करून जमिनीवर आपटला की चेंडूसारखा उसळतो, असा व्हिडिओ मी आधीच पाहिला होता. आणि खरं सांगतो, गावच्या ग्रुपवर पुढेही पाठवला होता. मग काय, मी छाती फुगवून सांगितलं, "तरंगतंय म्हणजे प्लास्टिकच. निवडून टाका."

वाडीत माझ्या शब्दाला थोडा मान आहे. खताच्या गोणीवरचं वाचून दाखवणारा, अर्ज भरून देणारा मी. त्यामुळे निवडून टाका म्हटल्यावर बायांनी निवडून टाकलं. एक दिवस नाही, सात-आठ महिने.

होळीच्या आसपास आमच्या भागातल्या आशाताई घरी आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "दादा, वाडीत घरोघरी बाया सूप घेऊन तांदूळ निवडत बसतात. कोणी सांगितलं विचारलं तर तुमचं नाव येतं."

मी म्हटलं, "मग? प्लास्टिक खायचं का त्यांनी?"

त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. पोषक दाण्यांच्या पिशवीचा. म्हणाल्या, "ते प्लास्टिक नाही. लोह घातलेला तांदूळ आहे. त्या म्हातारीची सून पाचव्या महिन्यात आहे. तिचं रक्त ८ आलंय. तिला गोळ्या चालू केल्यात, पण ताटात जे थोडंफार लोह येतंय ते तुम्ही सुपातून फेकायला लावलंय."

मला राग आला. चूक दाखवली की आधी रागच येतो. मी विचारलं, "तसं असेल तर ते तरंगतात का?"

त्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार. तुम्ही शेतकरी, तुम्ही सांगा."

रात्री झोप लागेना. बियाण्याची बादली डोळ्यापुढे आली. तरंगतं ते काय? आत पोकळी असलेलं, हवा असलेलं, पाण्यापेक्षा हलकं. पळींज तरंगतं तेव्हा मी त्याला प्लास्टिक म्हणतो का?

दुसऱ्या दिवशी थोडी परीक्षा घ्यायची ठरवली. रेशनच्या तांदळातले वीस संशयित दाणे वेगळे काढले. जोडीला खताच्या रिकाम्या गोणीचा दोरा घेतला, कारण ते खरंखुरं प्लास्टिक. दोन्ही पाण्यात टाकले. दोरा तरंगला, काही दाणे तरंगले. आमच्या घरच्या कर्जत-७ चेसुद्धा दोन-तीन दाणे वर राहिले, बोटाने दाबल्यावर खाली गेले. म्हणजे तरंगण्यावरून काहीच ठरत नव्हतं. मग दोन्ही रात्रभर भिजत ठेवले. सकाळी दाणा चिमटीत धरला तर पिठासारखा चुरला. दोरा होता तसाच. मग चिमट्यात धरून जाळले. दोरा वितळला, थेंब गळले, मेणबत्तीसारखा वास आला. दाणा काळा पडला, कोळसा झाला, करपलेल्या भाकरीचा वास आला. उरलेले दाणे वाटून त्यावर जखमेवर लावायच्या तपकिरी आयोडीनचा थेंब टाकला. पीठ निळं-काळं झालं. आयोडीनने पिष्ट पदार्थ असा रंग धरतो, प्लास्टिक धरत नाही. शाळेत हा प्रयोग मी केला होता आणि विसरलो होतो.

आता हे दाणे असतात काय ते सांगतो. तांदळाची कणी दळून पीठ करतात. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात. ते मळून यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि वाळवतात. शेवया करतो त्यातलाच प्रकार. शेतात भरलेला दाणा आतून घट्ट असतो. यंत्रात पाडलेल्या दाण्यात बारीक पोकळ्या राहतात, म्हणून त्यातले काही तरंगतात. रंग पिवळट किंवा दुधाळ दिसतो तो आत मिसळलेल्या गोष्टींमुळे आणि पिठाचा दाणा असल्यामुळे. सगळे एका मापाचे, कारण साचा एकच.

१०० भाग साध्या तांदळाला १ भाग हे दाणे, असं प्रमाण. म्हणजे किलोत १० ग्रॅम. १ किलो मिश्र तांदळात लोह साधारण २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असावं, असं सरकारी मानक आहे. आता हिशोब बघा. किलोत साधारण ५० हजार दाणे धरले तर त्यातले ५०० च वेगळे. बाया ते ५०० दाणे नेमके वेचून काढत होत्या. म्हणजे ज्याच्यासाठी हा तांदूळ दिला, तेवढंच अचूक बाहेर. साधा तांदूळ शिजवून खायचा आणि लोह कोंबड्यांना.

१५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं होतं की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला तांदूळ असा पोषक करून देणार. त्याआधी २०१९ मध्ये ठरलेल्या प्रायोगिक योजनेत आपल्या महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हा होता. ही बातमी मी वाचलेली असणार. पण लाल किल्ला आणि माझा तांब्या यांचा संबंध माझ्या डोक्यात जोडला गेला नाही.

परीक्षा झाली, पण खरं काम पुढेच होतं. दिलेला शब्द परत घ्यायला वाडी चढायची होती.

म्हातारी अंगणात बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तवा तू सांगितलंस टाका. आता सांगतंस खा. उद्या काय सांगशील?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गोणीचा दोरा आणि दाणे तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, तूच जाळून बघ. तिने चुलीतलं लाकूड काढून दोन्ही जाळलं, दोन्हींचा वास घेतला. एक दाणा दाताखाली धरला. मग सुनेला हाक मारून सांगितलं, तांदूळ न निवडता टाक. त्या दुपारी तिथेच जेवलो. आमटी-भात आणि सुकट. भात भातासारखाच लागला.

जेवताना सून हळूच म्हणाली, "दादा, दुकानात हे कुनी सांगितलं का नाय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. ताटातल्या भातात अचानक वेगळे दाणे दिसले तर शंका येणारच. ज्यांनी वर्षानुवर्षं रेशनच्या धान्यातले खडे वेचले, त्यांना शंका घेण्याचा हक्क आहे. त्यांची शंका चुकीची नव्हती, मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

तिचं बाळंतपण पुढे नीट झालं. त्याचं श्रेय मी तांदळाला देत नाही. आशाताईंनी गोळ्या चुकू दिल्या नाहीत आणि दवाखान्यात वेळेवर नेलं. पोषक तांदूळ म्हणजे औषध नाही. त्याने किती फरक पडतो यावर जाणकारांतही मतभेद आहेत. पालेभाजी, कडधान्य, सुकी मासळी यांची जागा तो घेत नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावा. पण ते सगळं वेगळं, आणि प्लास्टिक समजून फेकणं वेगळं.

ही अफवा एकट्या आपल्याकडची नाही. डिसेंबर २०१६ मध्ये नायजेरियात १०२ पोती तांदूळ प्लास्टिकचा म्हणून पकडला होता. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत तपासल्यावर प्लास्टिक निघालं नाही, तांदूळ मात्र जंतूंनी खराब झालेला निघाला. २०१७ च्या जूनमध्ये आपल्याकडे तेलंगणा, आंध्रपासून उत्तराखंडपर्यंत हीच हवा होती. साधा विचार करा. प्लास्टिकचा कच्चा माल किलोमागे स्वस्त तांदळापेक्षा महाग पडतो. महाग वस्तू स्वस्तात मिसळून कोण तोटा करून घेईल? भेसळ नेहमी उलटी असते.

आणि वाडीतल्या बायांना अडाणी समजू नका. माझ्याकडून तांदूळ नेणारे कामोठे-खारघरचे शिकलेले लोकही हेच विचारतात. नेहमीचे तीन प्रश्न इथेच घेतो.

"काका, तुमचा भात चिकट होतो, गोळा उसळतो, काही मिसळलंय का?" काही नाही. तांदूळ म्हणजे बहुतेक पिष्टच. शिजून घट्ट दाबलं की रबरासारखं होतं, मग उसळणारच. नवा तांदूळ जास्त चिकटतो. दिवाळीनंतरचा ताजा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला. जुना झाला की मोकळा होतो आणि पाणी जास्त पितो.

"तांदळात पोरकिडे झाले, म्हणजे खराब का?" किडा झाला म्हणून तांदूळ विषारी होत नाही. फार कीड नसेल तर चाळून, धुऊन वापरा. बुरशीचा वास येत असेल तर मात्र टाका. तांदूळ कडक उन्हात पसरू नका, दाण्याला तडे जातात आणि शिजताना कणी होते. सावलीत पसरा, किडे आपोआप बाहेर पडतात.

"दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका आहे, पावडर लावली का?" दाणा भरताना ऊन जास्त झालं की पिष्ट आत सैल बसतं, तिथे पांढरं दिसतं. चवीला काही होत नाही.

आता रेशनच्या तांदळाबद्दल लक्षात ठेवायचं एवढंच:

१. वेगळे दाणे निवडून टाकू नका.
२. चोळून चोळून, पाच-सहा पाण्यांनी धुऊ नका. एक-दोन पाणी पुरे.
३. पाणी मोजून घाला. भात वेळायची सवय असेल तर पेज ओतून देऊ नका, मीठ घालून पिऊन टाका. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पेजेतून जातात.
४. शंका आली तर दाणा भिजवा, चुरा, जाळा. तरंगतो का ते बघून काही ठरवू नका.
५. व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी घरात करून बघा. हे मी मलाच सांगतोय.

त्या ग्रुपवर पुढे पाठवलेला व्हिडिओ मला काढता आला नाही, फार दिवस झाले होते. त्याखाली माझी चूक लिहिली. चार जणांनी अंगठा दिला. व्हिडिओला मात्र तेव्हा साठ-सत्तर जणांनी दिला होता.

ती म्हातारी अजून लावणीला येते. मी काही सांगायला लागलो की हसते आणि विचारते, "जालून बगितलंस का?" यंदा बियाणं सावलीत वाळत घातलंय. पाऊस लागला की राबावर टाकू. लावणीला तीही असेल. तिच्यासमोर बोलताना मी आता जरा जपूनच बोलतो.

तुमच्याकडे तांदळाचं असं काही कोडं असेल तर खाली विचारा. माहीत असेल ते सांगीन. माहीत नसेल तर आपण दोघं मिळून जाळून बघू.