घासून गेलेला नंबर

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात वाहनांच्या कार्यशाळेत माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही मूल तालुक्याकडचे ओळखीचे शेतकरी ट्रॅक्टर दाखवायला येत. त्यातल्या एका धानवाल्या मित्राचं मी मोठं नुकसान केलं, ते आज सांगतो.

मे महिन्यात तो म्हणाला, "भाऊ, इंजिन धूर लय मारते, रोवणीच्या आधी करून द्या." ट्रॅक्टर बी-275. आरसी बुकात 1986, बॉनेटवर महिंद्राचं नाव. तेवढ्यावरून मी इंजिन नंतरच्या काळातलं, 88.9 मिलिमीटर बोअरचं ठरवलं. खरं तर बॉनेटवरच्या नावाला इतिहास होता. बी-275 बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया 1963 साली निघाली आणि 1977 मध्ये महिंद्रात विलीन झाली. त्यानंतरही तेच मॉडेल वर्षानुवर्षं निघत राहिलं. शिवाय बॉनेट बदलता येतं, इंजिनही बदलता येतं. आधीच्या मालकानं दुसऱ्या, जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन यात बसवलं होतं, हे मी विचारलंच नाही.

नंबर ठोकलेली जागा गंजली होती. रॉकेलचा बोळा आणि खडू पुरला असता. मी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. गंजाबरोबर उथळ ठोकलेले आकडेही गेले. आरसीशी ताडून पाहायचा एकमेव पुरावा मी माझ्या हातानं पुसला. मग बाजूला ओतीव उभार आकडे दिसले, तोच इंजिन नंबर समजून मी वहीत उतरवला. तो साच्याचा नंबर होता. एकाच साच्यातून ओतलेल्या सगळ्या ब्लॉकांवर तोच असतो. हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी घाई होती.

तरीही हेड उतरवल्यावर वर्निअर लावला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं. या घराण्यातल्या इंजिनांचा स्ट्रोक चार इंच, म्हणजे 101.6 मिलिमीटर. तो सारखाच, म्हणून क्रँक पाहून वेगळेपण कळत नाही. बोअर मात्र जुन्या बी-275 चा 3⅜ इंच, म्हणजे 85.7, आणि नंतरच्या 2523 सीसीच्या इंजिनाचा 3½ इंच, म्हणजे 88.9. मी न मोजता 88.9 चं पिस्टन-लायनर किट आणलं. ते बसेना. बोअरिंगवाला म्हणाला, "साहेब, एवढं काढलं तर भिंतीत काही राहणार नाही." मीच आग्रह केला, किटचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. व्यासात 3.2 मिलिमीटर वाढले, म्हणजे भिंतीतून सगळीकडून 1.6 मिलिमीटर लोखंड गेलं.

ट्रॅक्टर सुरू झाला, दोन दिवस नीट चालला. तिसऱ्या दिवशी डिपस्टिकवर ऑइल दुधी दिसलं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत आतून चिरली होती, रेडिएटरचं पाणी ऑइलात उतरत होतं. तोवर पाऊस लागला होता. मित्राची चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली, तीही उशिरा, कारण त्या आठवड्यात कोणाचाच ट्रॅक्टर मोकळा नव्हता. भाडं मी भरलं. पण पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, वय उलटून गेलं होतं. त्या वर्षी त्याचं धान कमी झालं आणि त्याची भरपाई मी करू शकलो नाही. तो मला एका शब्दानं बोलला नाही. त्यामुळे माझं ओझं वाढलं.

आता कोणताही ब्लॉक आला की आधी नंबराच्या जागेवर कागद धरून पेन्सिल घासतो, मग धुतो. बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजतो आणि पूर्वी कधी ओव्हरसाइझ केलं का, ते पिस्टनच्या माथ्यावर पाहतो. मालकाचं सांगणं लिहून घेतो, पण किट मोजल्याशिवाय मागवत नाही.

मित्राला दुसरं इंजिन मिळालं. तरी 85.7 बोअरचा चांगला ब्लॉक कोणाच्या गोठ्यात पडला असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा विचारा. असे ब्लॉक आपल्या भागात कोणाला तरी लागतातच.