सुपारी जाण्याआधी

चि. सईस,


गणपती मंडळाच्या डीजेविरुद्धचा तुझा अर्ज फोनवर वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. पहिल्याच ओळीत ‘धिंगाणा घालणारं टोळकं’? अगं, तो त्याच टोळक्यासमोर वाचायचाय ना? पुढची दोन पानं कोण ऐकून घेणार! राग बाबाचा उचललास, त्याचं गप्प बसणंही थोडं उचलायचं होतंस.

डेसिबलचं तू नीट मांडलंयस. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. आणि १०० म्हणजे ५५ च्या दुप्पट नव्हे, ऊर्जेच्या हिशेबात तीस हजार पटींहून जास्त. वाचून मी मान डोलावली, तुझ्या मैत्रिणीही डोलावतील. पण आम्हाला पटवायचं होतंच कुठे? हल्ली सगळीकडे हेच. अग्रलेख घे, भाषणं घे, सोसायटीची नोटीस घे, सगळं आपल्याच माणसांच्या टाळ्यांसाठी. समोरच्याचं मत बदलावं ही हौसच संपली. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला, तो जुन्नर-हडपसरला लोकांना वाचून दाखवला आणि सयाजीरावांनाही ऐकवला. दुःख ज्याचं त्याला आणि सत्ता ज्याच्या हाती त्यालाही! तू कुणाला ऐकवणार आहेस, ते आधी ठरव.

माझ्या मते खजिनदाराला. साउंडचं भाडं, लेझर, जनरेटर, सगळ्यासाठी वर्गणी मागत दारोदार तोच हिंडतो. गुन्हा नोंदला गेला तर पदाधिकाऱ्यांवर, नाचणाऱ्यांवर नाही, हे त्याला तुझ्याआधी कळतं.

ते म्हणतील, सरकारनेच बारापर्यंत सूट दिलीय. देता येते, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. पण ती सूट वेळेची, आवाजाची नव्हे. २००० सालच्या नियमांचा कागदच अर्जाला जोड. मग ‘त्यांचे भोंगे चालतात ते?’ हे येणारच. नियम सगळ्यांना एकच, असं कुणी विचारायच्या आत तूच लिही. आणि ढोलाचं काय गं? दादा पथकात कमरेला ढोल बांधून फिरतो आणि अर्जात ढोलाचा शब्द नाही! पहिला प्रश्न तोच येईल. (टिळकांना तेवढं मध्ये आणू नकोस. सार्वजनिक गणपतीच्या प्रत्येक भांडणात ते दोन्ही बाजूंनी साक्षीला असतात.)

‘डीजे कायमचा बंद’ कशाला? चौकापासून दवाखान्याची गल्ली संपेपर्यंत सिस्टीम बंद, एवढंच माग. त्या गल्लीत बाळंतिणी असतात, हे त्या पोरांनाही ठाऊक आहे. त्यातल्या निम्म्यांचा जन्म तिथलाच. एवढ्याला नाही म्हणणं जड जाईल त्यांना. आणि आत्ताच जा, आषाढातच. साउंडवाल्याला सुपारी गेली की तुझा अर्ज फायलीला लागलाच म्हणून समज.

खरं तर अर्जापेक्षा मला तुझीच धास्ती वाटते. मीटिंग रात्री साडेनऊला म्हणतेस. बाबा मागून येईल आणि मध्येच बोलेल. टाकीच्या पाण्यावरून काय झालं होतं ते विसरलीस की काय? त्याची बीपीची गोळी त्याच्या हातात ठेव आणि त्याला घरीच बसव. पण एकटी मुळीच जाऊ नकोस. तळमजल्यावरच्या काकूंना सोबत ने. त्या काही बोलल्या नाहीत तरी चालेल; मंडळाची सगळ्यात मोठी पावती त्यांच्या नावावर फाटते.

तुझी,
आत्या