शून्याचा अधिकार

टेलिफोनला कुलूप लावण्याची युक्ती ज्याला प्रथम सुचली, तो मोठा संसारी गृहस्थ असला पाहिजे. माझ्या लहानपणी काही घरांतल्या फोनच्या डायलमध्ये एक चिमुकले कुलूप अडकवलेले असे. फोन यावेत, पण जाऊ नयेत! शेजाऱ्यांना तोंडावर नाही म्हणण्याचे काम ते कुलूप परस्पर करी. त्या काळी भीती असे ती शून्याची. 1960 मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात एस.टी.डी. सुरू झाली. पुढे ती सोय गावोगाव पोचली, आणि शून्य फिरवून परगावी बोलणे ही खर्चाची चैन ठरली.

ते कुलूप आता दिसत नाही. पण गेले आहे असे मात्र समजू नका. ते पेटीत जाऊन बसले आहे. मोठ्या कचेऱ्यांत आतले फोन आणि बाहेरच्या लाइनी यांच्यामध्ये ‘व्हॉइस गेटवे’ नावाचा एक द्वारपाल असतो. आमच्या महाविद्यालयातही आहे. त्याची देखभाल करणारा तरुण एकेकाळी माझ्या वर्गात मराठी शिकत असे. आता त्याने मला शिकवले.

“सर, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला कुलपं असतात आणि प्रत्येक फोनला किल्ल्यांचा जुडगा. रस्त्यावरच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या जुडग्यात असल्या, तरच फोन लागतो. याला आम्ही ‘क्लास ऑफ रिस्ट्रिक्शन’ म्हणतो.”

“आणि रस्ता कोणता, हे कसं ठरतं?”

“ज्या रस्त्याशी नंबराचे जास्त अंक जुळतील, तो. 022 नं सुरू होणारा नंबर नुसत्या 0 च्या रस्त्यानं जात नाही. 022 चा वेगळा रस्ता असला, तर त्यानं जातो.”

म्हणजे इथेही गुण जुळवूनच सोयरीक!

“बरं, ज्या फोनला जुडगाच दिला नाही, त्याचं काय?”

“त्याला सगळी दारं उघडी, सर.”

मला हसू आले. घराघरांतही हेच नाही का? खर्चाचा हिशेब ज्याला कधीच कुणी विचारत नाही, तोच घरचा कर्ता असतो.

पण हा प्रश्न मी त्याला विचारायला गेलो होतो, तो हौसेने नव्हे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री फाटकावरच्या वृद्ध रखवालदाराच्या छातीत कळा येऊ लागल्या. त्याच्या जोडीदाराच्या मोबाईलचे रिचार्ज संपलेले. म्हाताऱ्याचा मोबाईल घरी नातवाजवळ. भिंतीवर अडीअडचणीच्या नंबरांचा तक्ता होता. त्यातले सगळेच नंबर मोबाईलचे, आणि फाटकावरच्या फोनवरून एकही लागेना. बिचारा पावसात धावत आवारातल्या माझ्या दाराशी आला. आम्ही म्हाताऱ्याला गाडीत घालून नेले. तो वाचला.

पेटी उघडून पाहिली तेव्हा कारण कळले. फाटकावरच्या फोनला फक्त गावातल्या फोनांची किल्ली होती, शून्य बंद. ही यादी केली तेव्हा त्यात वावगे काही नव्हते, गावातला मोबाईल शून्याशिवाय लागत असे. पण 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाईलला आधी शून्य लावावे लागते. नियम बाहेर बदलला, आत जुडगा तोच राहिला. प्राचार्यांच्या फोनला जुडगा नसल्यामुळे त्यांना काहीच जाणवले नाही. इतरांच्या खिशात मोबाईल होते. आणि रखवालदाराने कधी तक्रार केलीच असती, तर उत्तर ठरलेले होते : “तुला कशाला हवा बाहेर फोन?”

“112 ला मात्र कुलूप नाही ठेवलेलं, सर,” तो तरुण म्हणाला. “तो कुणालाही लागतो.” खरे होते. पण तक्त्यावर तोच नंबर नव्हता! तो आता मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, आणि फाटकाला शून्य मिळाले आहे.

ज्याच्यापाशी सगळ्या किल्ल्या आहेत, त्याला बंद दार कधी दिसतच नाही. म्हणून मला वाटते, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे उतरवतो, तशा या याद्याही एकदा उतरवून पाहाव्यात. कचेरीतल्या पाहाव्यात, आणि घरातल्याही. आजीला, मोलकरणीला, धाकट्या सुनेला कोणते दार आपण कधी काळी बंद केले होते, आणि ते अजून का बंद आहे, हे त्यांनाच विचारावे.